सकाळ डॉक्टरची, संध्याकाळ दिराची

एप्रिल लागला, मी शिकवते त्या कॉलेजच्या फाटकाशी परीक्षेची गर्दी सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. दरवर्षी फिरतं. ऊन असतंच, सकाळीच रस्ते तापलेले असतात, शाहपूरकडून केळीच्या गाड्या भरून येत असतात, पॉवरलूमच्या गल्ल्यांमधून खटखट चालू असते. पण डोकं फिरतं ते उन्हाने नाही. परवा फाटकाशी एक बाई मुलीच्या तळहातावर दही-साखर ठेवत होती आणि सांगत होती, "घरचं टेन्शन नको घेऊ बेटा, घरी सब ठीक आहे." मुलगी आत गेली. बाईने पदराने डोळे टिपले, फोन लावला आणि विचारलं, "शुद्धीवर आले का?" मी सुपरविजनला जाता जाता ऐकलं. वाटलं, त्या पोरीला बखोटीला धरून बाहेर आणावी आणि म्हणावं, आधी घरी पळ, बाई. पेपर काय, पुढल्या वर्षीही निघतो.

आमच्याकडे परीक्षा हे एक सोयर आहे. ते चालू असलं की वाईट बातमीला घरात मज्जाव. आजी वारली तरी पोराला शेवटचा पेपर झाल्यावर सांगतात, आणि वर कौतुकाने सांगतात की आम्ही कसं सांगितलं नाही. ज्याचा पेपर आहे त्याला कोणी विचारत नाही, बाबा रे, तुला गणित हवं की आजी?

माझ्या घरीही एका वर्षी असंच 'सब ठीक' होतं. मी तेव्हा इंदूरला विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होते. दिवसा इम्युनॉलॉजी, संध्याकाळी जर्मन. लोक विचारायचे, हे काय कॉम्बिनेशन? आमचे हेड सर तर सगळ्या वर्गासमोर म्हणायचे, "मॅडम, या तो सेल समझ लो, या ग्रामर." वर्ग हसायचा. मी पण दात काढायचे, आणि मनात म्हणायचे, हसा लेको, तुमच्या घरात कुणाची किडनी कुणाच्या पोटात नाही.

माझ्या घरात होती. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आईने आपली एक दिली. तिला कोणी फार विचारलंही नाही. डॉक्टर म्हणाले, घरचं कोणी आहे का, आणि ती उठून उभी राहिली, पाहुण्यांना पाणी द्यायला उठावं तशी. ऑपरेशननंतर आप्पा तहसीलच्या ऑफिसात पुन्हा जायला लागले, चहात साखर कमी म्हणून कुरकुर करायला लागले. आई शेजारणींना सांगायची, "आता ह्यांनी रागावलं तरी मले काही वाटत नाही, माह्याच किडनीवर बोलून राहिले ना!"

आता गंमत बघा, गंमत कसली, कर्म. परकं काहीही आत आलं की शरीर ते ओळखतं आणि हाकलायला उठतं. त्याला लाड-प्रेम कळत नाही. बायकोची किडनी आणि पायात मोडलेला काटा, त्याच्या हिशेबी सारखेच. म्हणून आप्पांना सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या, शरीराची ती ताकद मुद्दाम खाली ठेवायच्या. जन्मभर. मी जे शिकत होते ते हेच. गोळ्यांशिवाय शरीराला परकं माणूस पचवायला शिकवता येईल का, यावर जर्मनीत एका प्रयोगशाळेत काम चालू होतं. माझ्या गाइड मॅडमनी तिथे माझं नाव कळवलं होतं. म्हणाल्या, "काम इंग्रजीत चालेल, पण राहायचं तर भाषा हवी. दुकानात, दवाखान्यात कोणी तुझ्यासाठी इंग्रजी बोलणार नाही." म्हणून जर्मन.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. लॅबमध्ये स्पिरिट आणि उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा, भाषा विभागात जुन्या पंख्याचं ग्रीस आणि खडू. दोन्ही इमारतींच्या मध्ये गुलमोहरांची एक लांब रांग. दोन्ही विभागांनी परीक्षा एकाच आठवड्यात लावल्या होत्या. अर्ज केला तर दोन्हीकडचे बाबू एकमेकांकडे बोट दाखवायचे. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी जर्मनचा पेपर, आणि मध्ये ती गुलमोहरांची रांग मी एप्रन काखेत मारून पळत काढायची. तोंडाने विभक्ती घोकत, डोक्यात पेशी.

त्यातली थायमसची गोष्ट मला फार आवडायची. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिथे कोवळ्या पेशींची परीक्षा घेतात. जी पेशी आपल्याच माणसावर उठते ती नापास. नापास म्हणजे पुरवणी परीक्षा नाही, ग्रेस मार्क नाही, थेट मरण. बहुतेक सगळ्या तिथेच मरतात. उरतात त्यांना आपलं-परकं कळतं. मी वहीतून मान वर करून म्हणायचे, अरे, हे खातं आपल्या नातेवाइकांसाठीही असायला हवं होतं.

कारण तिकडे घरी काय चाललं होतं? काका आला होता गुळवेल घेऊन.

काका म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. शाहपूरला केळी करतो. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर दार लावता आलं असतं. आमच्या भागात शेतावरून आलेल्या वस्तूला वानोळा म्हणतात. केळीचा फणा असो, हरभऱ्याच्या डहाळ्या असोत, नाही तर आंब्याच्या चार कैऱ्या, कोणी प्रेमाने दारात आणलं की ते घ्यायचं. वानोळा परत पाठवणं म्हणजे माणूस परत पाठवणं. आणि साथीच्या त्या वर्षांनंतर काकाच्या तोंडी एक शब्द बसला होता. इम्युनिटी. आमच्या बुऱ्हाणपुरात तो शब्द अजूनही भाजीसारखा विकला जातो. रसवंतीवाला इम्युनिटी विकतो, किराणावाला विकतो, न्हावी दाढी करता करता फुकट वाटतो. काकाच्या बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली. तो तिचा काढा करायचा आणि मोटरसायकलला स्टीलचा डबा अडकवून दिवस कलता कलता आमच्या दारात हजर. "दादा, इम्युनिटी पाह्यजे माणसाले. एकदम नॅचरल. साइड इफेक्ट झिरो."

बरं, एवढ्यावर थांबला असता! एक दिवस त्याने मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला, आणि त्याला शोध लागला की दादाच्या गोळ्या इम्युनिटी पाडतात. झालं. तो तणतणत आला. "वहिनी, हे काय देऊन राहिल्या तुम्ही त्याले? मी इकडून भरून राहिलो अन् तुम्ही तिकडून खाली करून राहिल्या! डॉक्टरले काय, त्याचं दुकान आहे. माह्या भावाचा जीव आहे हा."

आई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी सोडायची नाही. काका म्हणाला, "मंग माह्या काढ्याचा काय उपयोग?" आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, नाटक नव्हतं. आता आई काय करेल? डॉक्टरला नाही म्हणता येत नाही, तो देव. दिराला नाही म्हणता येत नाही, तो रोज चाळीसेक मिनिटं उन्हात गाडी हाणून येतो. मग तिने आमच्या लोकांचा जुना तोडगा काढला. कुणालाच दुखवायचं नाही. सकाळची गोळी डॉक्टरच्या शब्दाची. संध्याकाळची गोळी बंद, तिच्या जागी दिराचा काढा. दोघांचाही मान राहिला. भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. आमच्या घरात ती भिकेची नाही, मरणाची बहीण निघाली.

आप्पांनी तरी बोलावं की नाही? इतकी वर्षं सरकारी कागद वाचलेला माणूस. पण त्यांनाही भाऊ. त्यांनी काढा घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "कडू आहे, म्हणजे गुणकारी असेल." हे सगळं मला नंतर कळलं, तुकड्या-तुकड्यांनी. तेव्हा मला रोज फोनवर एकच वाक्य मिळायचं. "आप्पा मस्त आहेत. तू पेपरवर ध्यान दे."

जर्मनची तोंडी परीक्षा अगदी शेवटी होती. परीक्षक मॅडमनी समोर चिठ्ठ्या ठेवल्या, मी उचलली, विषय निघाला 'माझं कुटुंब'. मी बोलले. माझे वडील ऑफिसात काम करतात. माझी आई घरी असते. माझ्या आईने माझ्या वडिलांना आपली किडनी दिली. ते आता अगदी बरे आहेत. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि हळूच हिंदीत म्हणाल्या, "बहुत सुंदर." पैकीच्या पैकी दिले. मी उड्या मारत बाहेर आले. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. ते अगदी बरे आहेत! परक्या भाषेत, एकही चूक न करता, मी खोटं बोलून आले, आणि मला ठाऊकही नव्हतं. माझ्याच माणसांनी माझ्या तोंडात ते घातलं होतं.

घरी आले तेव्हा आप्पा दारात आले नाहीत. खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून. पायांवर सूज इतकी की चपलेचा पट्टा रुतलेला. चेहरा फुगलेला, डोळ्यांखाली पिशव्या. आई पन्ह्याचा पेला घेऊन पुढे आली. "ऊन लागलं वं त्यांले. मिठाई आणली आहे तुह्यासाठी, दराबा, पास होशील म्हणून आधीच."

मी विचारलं, "गोळ्या?"

"देते ना. सकाळची देते."

"आणि संध्याकाळची?"

आईने मोठ्या विश्वासाने, जणू परीक्षेत तिचाही पेपर चांगला गेला होता अशा थाटात, मला सगळं सांगितलं. काढा, डबा, काकाची मोटरसायकल. "दोन्ही सांभाळलं मी. कोणाले वाईट नाही वाटू दिलं."

मी किंचाळले. शेजारी धावून आले. मी त्या आईला सांगायला लागले की शरीर कसं ओळखतं, पेशी कशा उठतात, आणि माझ्या तोंडून निघेना. इंग्रजीत निघत होतं. चिडून जर्मनमध्येही निघालं असतं. घरच्या बोलीत निघेना. परकं अंगात टिकू देण्याला पुस्तकात 'सहनशीलता' म्हणतात. शरीराची सहनशीलता! हे मी माझ्या आईला सांगू? तिच्याकडे ती इतकी होती की तिच्यानेच घात झाला होता. ही सगळी पुस्तकं लिहिणाऱ्यांचाही मला राग आहे. जे ज्ञान घरात बोलता येत नाही ते शिकवायला कशाला निघता? मी त्या दिवशी शेवटी एवढंच ओरडले, "तुझी किडनी ते शरीर फेकून देतंय, आई! तुझी!" तेव्हा तिच्या हातातला पेला खाली पडला.

इंदूर. बायोप्सी. शिरेतून औषधं. डॉक्टर भला माणूस होता, म्हणाला, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, शरीर कधीकधी गोळ्या घेऊनही उठतं. पण गोळी अर्ध्यावर आणणं म्हणजे राखण काढून घेणंच. काढ्याबद्दल विचारलं तर त्याने डोक्याला हात लावला. "ये इम्युनिटी वालों ने हमारी नींद उड़ा दी है." काही महिने किडनी धापा टाकत चालली. मग बंद पडली. तेव्हापासून आप्पा डायलिसिसवर. आठवड्यातले ठरलेले दिवस मशीनचे, बाकीचे दिवस मशीनच्या थकव्याचे. चहा मोजून, पाणी मोजून. उन्हाळ्यात त्यांची जीभ टाळूला चिकटते आणि ते फ्रिजकडे बघत बसतात. तापी काठोकाठ भरली तरी ह्या माणसाने पेल्याचा तळ तेवढा ओला करायचा.

जर्मनीहून होकार आला होता. मी नकार कळवला. मग सगळी गल्ली म्हणायला लागली, "काय त्याग केला पोरीने!" त्याग, म्हणे! मी रागाने राहिले. घरात कोणी तरी नाही म्हणणारं हवं होतं म्हणून राहिले. जो कोणी पुडी, चूर्ण, अंगारा, तुळशीचे थेंब घेऊन येईल त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावायला राहिले. आता माझं नाव पडलंय 'भांडकुदळ'. पडू दे. बी.एस्सी.ची पोरं उत्तरपत्रिकेत ठोकून देतात, इम्युनिटी जितकी जास्त तितकं चांगलं, आणि मी लाल पेनाने पान फाटेस्तोवर काट मारते. जास्त म्हणजे चांगलं कोणी सांगितलं तुम्हाला? जास्त झाली की ती घरच्यांनाच खाते.

काकाशी मी तेव्हापासून बोलले नव्हते. तो यायचा, आप्पांच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसायचा. हात रिकामे. काही आणायची त्याची हिंमत नव्हती, आणि रिकाम्या हातांनी यायची सवय नव्हती, त्यामुळे ते हात कुठे ठेवावे हे त्याला कळायचं नाही. मला ते दिसायचं. दया यायची नाही. घरात त्याला कोणी एक शब्द बोललं नाही, आई तर चहा करायची त्याच्यासाठी, वर विचारायची, साखर बरोबर आहे ना भाऊजी? मी आतल्या खोलीत दात-ओठ खायचे.

आणि परवा, परीक्षा ऐन भरात असताना, इंदूरच्या हॉस्पिटलमधून फोन आला. समन्वयक बाई विचारत होत्या, "आपके चाचाजी के सारे टेस्ट हो गए हैं, क्रॉसमैच भी ठीक है. आप उन्हें समझा देंगी? वो कहते हैं, हमारी भतीजी यही पढ़ी है." काका आप्पांना आपली किडनी द्यायला निघाला होता. काका महिनाभर, केळीची कटाई सोडून, गुपचूप इंदूरच्या खेपा घालत होता. आप्पांच्या रक्तात आता आईच्या किडनीविरुद्ध फौज तयार आहे. दुसरी कुणाची जुळणं फार अवघड. माझी जुळली नव्हती. आणि ह्याची जुळली. ह्याचीच!

सांगते, मला आनंद झाला नाही. आधी राग आला. इतक्या वर्षांचा माझा हक्काचा राग, तोही हा माणूस काढून न्यायला आला होता.

रविवारी दुपारी तो आला. बाहेर तापल्या वाऱ्याची लू चालत होती. आप्पा आतल्या खोलीत डायलिसिसने थकून पडलेले. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट घेऊन बसलेली. काकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्याच्यासमोर बसले आणि पहिल्यांदा बोलले. ऑपरेशन काय असतं, त्याला काय धोका आहे, नंतर शेतात वजन किती दिवस उचलायचं नाही. ह्या वेळी शब्द अडले नाहीत. रागाने असेल, पण सगळं घरच्या बोलीत सरळ निघालं.

तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. मले एकच सांग. माह्यं दिलेलं त्याचं आंग ठेवीन ना?"

"नाही ठेवणार. रोज फेकायला बघेल. तुम्ही सख्खा भाऊ असलात तरी. म्हणून गोळ्या. सकाळी पूर्ण, संध्याकाळी पूर्ण, मरेपर्यंत."

"हौ."

"आणि हे सगळं करूनही जाऊ शकते, काका. मी खोटं सांगणार नाही. तुमची जाईल आणि त्यांना काही मिळणार नाही, असंही होऊ शकतं."

"हौ पोरी." त्याने टोपीची कड चाचपली. मग म्हणाला, "तू भांडली का नाही माह्याशी? इतके दिवस मी येऊन राहिलो, चहा पिऊन राहिलो. कोणी तरी तोंडावर बोला ना. मले रात्री झोप येत नाही तुमच्या त्या चहाने."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे तयार होतं, तासभर पुरेल इतकं. पण तेवढ्यात लाटण्याचा आवाज थांबला. आईने पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले आणि दिराकडे सरळ बघितलं. जन्मात कधी बघितलं नव्हतं तसं.

"पहिली माह्यी व्हती, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढला नाही, कापला नाही. "माह्या पोटातून काढून दिली व्हती मी. तुमच्या काढ्याने गेली. तुमच्या भिडेने गेली. तुम्ही रडले म्हणून मी गोळी बंद केली. तुम्ही रडायले नको व्हतं."

काकाने मान वर केली. "हौ वहिनी," तो म्हणाला. "माह्यानेच गेली."

आतून आप्पांच्या खाटेची कुरकुर ऐकू आली. ते जागे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी थांबले. आई थांबली. पण आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीही म्हटलं नाही की जाऊ द्या आता.